बूट आधी, स्की मागून: पार्क आणि हाफपाइपचं सामान कसं निवडावं

पार्क-स्कीइंगच्या, म्हणजे बर्फावर उड्या आणि गिरक्यांच्या कसरतींच्या, सामानासाठी काही रक्कम बाजूला काढली असेल तर तिचा मोठा वाटा बुटांवर घाला. उरलेल्या पैशांत जमेल ती स्की घ्या, किंवा पहिला हंगाम स्की भाड्यानंच आणा. दुकानात गेल्यावर नेमकं उलटं घडतं. भिंतीला रंगीबेरंगी स्की ओळीनं टेकवलेल्या असतात, मोबाइलवर पाहिलेल्या खेळाडूची स्की त्यातच दिसते. बूट मात्र कोपऱ्यात पडलेले, काळे, जड आणि घालायला कटकटीचे. मग पैसे स्कीवर संपतात आणि बूट ‘पाय गेला ना आत, झालं तर’ म्हणून उचलले जातात.

२३ मे २०१३ला ४७.९ अंश सोसलेल्या गावात हा विषय कुणाला हवा, असं वाटू शकतं. पण नागपुरात हे विचारणारे तीन प्रकारचे लोक भेटतात. लहानपणापासून चाकांवर वाढलेली स्केटिंगची पोरं, ज्यांना रेलवर घसरणं आणि हवेत गिरकी घेणं नवीन नाही. शिकायला किंवा नोकरीला अमेरिका-कॅनडात गेलेली मुलं, ज्यांना पहिल्याच हिवाळ्यात मित्र डोंगरावर ओढून नेतात. आणि गुलमर्गला स्कीइंगचा प्राथमिक कोर्स करून आलेले, ज्यांना आता ‘पुढचं’ करायचंय. तिघांची अडचण एकच: इथं सामान हातात घेऊन पाहायला मिळत नाही, आणि नेटवरची माहिती ज्यानं दहा वर्षं स्की केली आहे त्याच्यासाठी लिहिलेली असते.

टेरेन पार्क म्हणजे उतारावर मुद्दाम उभारलेला खेळाचा भाग. त्यात बर्फाचे जंप असतात, लोखंडी रेल असतात, प्लास्टिकचा पृष्ठभाग लावलेले रुंद बॉक्स असतात. हाफपाइप वेगळा. उताराच्या दिशेनं खोदलेली बर्फाची लांब नाळ, दोन्ही बाजूंना वर जाऊन जवळजवळ उभ्या होणाऱ्या भिंती. मोठ्या स्पर्धांत या भिंती २२ फूट, म्हणजे सुमारे ६.७ मीटर उंच असतात. स्विस आल्प्समधल्या लाक्स गावातला पाइप तर २०० मीटर लांब आहे. खेळाडू एका भिंतीवरून वर उडतो, त्याच भिंतीवर उतरतो, तळ ओलांडून समोरच्या भिंतीकडे जातो, आणि असं करत खाली येतो.

हा खेळ तसा तरुण. १९९८मध्ये सॉलोमन कंपनीनं ‘टेनएटी’ नावाची, दोन्ही टोकं वर वळलेली स्की बाजारात आणली. ती कॅनडाच्या काही तरुण स्कीपटूंच्या मदतीनं घडली होती आणि तिच्यानंतर उलट्या दिशेनं उतरणं, म्हणजे ‘स्विच’, सर्रास होऊ लागलं. हाफपाइप स्कीइंग ऑलिंपिकमध्ये आलं ते २०१४च्या सोची स्पर्धेत. त्यासाठी झटणारी कॅनडाची सारा बर्क तो दिवस पाहायला राहिली नाही. जानेवारी २०१२मध्ये युटातल्या पार्क सिटीत पाइपमध्ये सराव करताना झालेल्या दुखापतीनं ती गेली. सामानाच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. पण पुढे ‘स्कीच्या कडा धारदार हव्यात’, ‘बाइंडिंगला (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीला) हात लावू नका’ असं वाचताना ही गोष्ट लक्षात असलेली बरी.

बुटाचं माप

स्कीच्या बुटाचा आकडा म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी. आपला सहा, सात, आठ नंबर इथं विसरायचा. भिंतीला टाच टेकवून, दोन्ही पायांवर वजन देऊन उभं राहा, सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा. २६.३ आलं तर बूट २६ किंवा २६.५. यात एक गंमत आहे: बहुतेक कंपन्यांत २६ आणि २६.५ यांचं बाहेरचं कवच एकच असतं. फरक असतो तो आतल्या मऊ लाइनरचा किंवा पायाखालच्या पट्टीचा. म्हणजे ‘अर्धा नंबर मोठा’ घेऊन बऱ्याचदा हातात काहीच पडत नाही, आणि एक नंबर मोठा घेतला तर कवचच बदलतं.

आपल्याकडची सवय इथं आडवी येते. “भाऊ, एक नंबर मोठाच घेऊन घेऊ ना, पोरगं वाढून राहिलं आहे,” असं म्हणणारी आई शाळेच्या बुटांपुरती बरोबर असते. स्कीच्या बुटात टाच एक सेंटिमीटर जरी वर उचलली गेली तरी पायानं दिलेली आज्ञा स्कीपर्यंत उशिरा पोचते, आणि जंपवरून उतरताना नडगी बुटाच्या जिभेवर आपटते. पार्कमधल्या पोरांना हे नडगीचं दुखणं चांगलं ठाऊक असतं. ते एकदा लागलं की हंगाम संपेपर्यंत सुटत नाही. त्यामागे अनेकदा बूट घट्ट असणं नसतं, सैल असणं असतं.

खरी परीक्षा अशी. लाइनर बाहेर काढा आणि नुसत्या कवचात पाय घाला. बोटं पुढे टेकवा. टाचेमागे दीड ते दोन सेंटिमीटर जागा उरली तर माप बरोबर. तीन सेंटिमीटर उरली तर दुकानदार कितीही गोड बोलला तरी तो बूट परत करा. मग लाइनर घालून, बकल लावून उभे राहा: बोटं पुढच्या बाजूला हलकी टेकतील. गुडघे पुढे वाकवले की टाच मागच्या खोबणीत बसेल आणि बोटं सुटतील. नव्या माणसाला हे भयंकर आवळलेलं वाटतं. तसंच वाटायला हवं, कारण काही दिवसांत लाइनरचा फोम दबतो आणि बूट आपसूक सैलावतो. दुकानात सुखाचा वाटलेला बूट महिनाभरात आत पाय फिरवू लागतो.

रुंदीचा आकडा वेगळा असतो. तो पंजाच्या सर्वांत रुंद भागाचा, मिलिमीटरमध्ये. ९८च्या आसपास अरुंद, १०० मध्यम, १०२ किंवा वर रुंद. ज्याचं आयुष्य चपलेत गेलं त्याचा पंजा बऱ्याचदा पसरट असतो, म्हणून आपल्या माणसानं १०० ते १०२पासून सुरुवात करायला हरकत नाही. पंजा चेपतोय म्हणून लांबी वाढवू नका. रुंद साच्याचा बूट बघा, नाहीतर जाणकार फिटरकडून कवच तेवढ्या जागी गरम करून फुगवून घ्या. ते काम रोजचं आहे.

मोजा एकच घालायचा, पातळ, गुडघ्याखालपर्यंतचा. थंडी म्हणून आजीनं विणलेले लोकरीचे दोन-दोन मोजे चढवले की पाय दाबला जातो, रक्त फिरत नाही आणि बोटं जास्तच गार पडतात.

कडकपणा, आणि नागपूरच्या खोलीतली फसगत

बुटावर ८०, १००, १२० असे आकडे छापलेले असतात. ते पुढे वाकायला बूट किती विरोध करतो ते सांगतात. याला कुठलंही सामाईक प्रमाण नाही. एका कंपनीचा १०० दुसरीच्या ११०इतका कडक असू शकतो. तरी ढोबळ अंदाज म्हणून: पार्कमध्ये रेल आणि छोटे-मध्यम जंप करणाऱ्या ६०-७५ किलोच्या माणसाला ९० ते ११० पुरतो. हलक्या मुलामुलींना ८०-९०. हाफपाइप करायचा तर आकडा वर जातो, ११० ते १३०, कारण भिंतीवरून उतरताना तळाशी सगळा भार एकदम पायावर येतो आणि मऊ बूट त्या क्षणी कोसळतो.

आता फसगत. बुटाचं कवच बहुधा पॉलियुरेथेनचं असतं आणि ते थंडीत आखडतं. उन्हाळ्यात नागपूरच्या घरात, कूलर चालू असतानाही, १०० आकड्याचा बूट घालून वाकलात तर तो लोण्यासारखा झुकेल. ‘हा तर फारच मऊ’ म्हणून तुम्ही १२०चा मागवाल, आणि उणे दहा अंशांत तोच दगड होऊन बसेल. इथं घालून पाहायचं ते फक्त मापासाठी. कडकपणाचा निर्णय वजन, अनुभव आणि जागा बघून घ्यायचा.

पार्कवाल्यांत तीन तुकड्यांचे बूट फार चालतात: खालचं कवच, मागून घोट्याला धरणारा कफ आणि पुढे वेगळी जीभ. या घडणीची मुळं १९८०च्या दशकातल्या राइक्ले फ्लेक्सॉन बुटांत आहेत. नंतर फुल टिल्टनं तीच घडण पार्कवाल्यांपर्यंत नेली, डाल्बेलोही अशा घडणीचे बूट बनवते. यांचं वैशिष्ट्य म्हणजे वाकताना विरोध हळूहळू वाढत जातो, मध्येच अडकून झटका बसत नाही. उतरणं थोडं चुकलं तर नडगी वाचते. माझं मत विचाराल तर नुसत्या रेल-जंपवाल्यानं हेच घ्यावेत. पाइपमध्ये मात्र बरेच जण नेहमीचे, एकावर एक दोन कवचांचे बूट पसंत करतात, कारण कडेवर दाब देताना ते जास्त थेट वाटतात.

आत टाचेखाली रबराचा किंवा फोमचा धक्का झेलणारा थर आहे का, एवढंही बघा. सपाट जागी उतरलं की टाच ठेचते, आणि शर्यतीच्या बुटात हा थर बहुधा कडक प्लास्टिकचा असतो.

स्की: पार्कला एक हवं, पाइपला दुसरं

‘पार्क अँड पाइप’ असं एका दमात म्हटलं जातं, दुकानातही एकाच फळीवर ठेवतात. प्रत्यक्षात दोन्हींच्या मागण्या एकमेकींच्या विरोधात जातात, आणि निवड चुकते ती इथंच.

रेलवर तुम्ही आडवे घसरता. पायाखालची लोखंडी कड धारदार असेल तर ती रेलवरच्या एखाद्या ओरखड्यात अडकते आणि तुम्ही तोंडावर पडता. म्हणून रेलवाले पायाखालच्या कडा कानशीनं मुद्दाम बोथट करतात. स्कीसुद्धा त्यांना थोडी मऊ हवी असते, म्हणजे टोकावर किंवा शेपटीवर वजन टाकून ती वाकवता येते.

हाफपाइपची भिंत रात्रभर गोठलेली, यंत्रानं कापून गुळगुळीत केलेली, जवळपास काचेसारखी कठीण असते. तिथं वेग हेच भांडवल. भिंतीवर चढताना कड निसटली की वेग गेला, आणि वेग गेला की काठाच्या वर उडणं राहिलंच. त्याहून वाईट म्हणजे काठावरच आपटणं. त्यामुळे पाइपच्या स्कीला धारदार कडा, पायाखाली भरपूर कँबर आणि बऱ्यापैकी कडकपणा लागतो.

कँबर म्हणजे काय? स्की टेबलावर ठेवली की मधला भाग टेबलापासून थोडा वर उचललेला दिसतो, तो बाक. तुम्ही उभे राहिलात की तो दबतो आणि कड पूर्ण लांबीनं बर्फात रुतते. उडी मारताना तोच बाक परत उसळी देतो. रॉकर याच्या उलट: टोकं लवकर वर उचललेली. त्यामुळे कड कमी अडकते आणि स्की सहज फिरते, पण कठीण बर्फावर पकड कमी. पार्कच्या स्कीत बहुधा मध्ये कँबर आणि टोकांना थोडा रॉकर असतो. पाइपसाठी रॉकर जितका कमी तितकं बरं.

मग दोन जोड घ्यायचे? नाही. आठवड्याचे सात दिवस डोंगरावर राहणारा माणूस दोन घेईल. तुम्ही वर्षातून एक-दोनदा जाणार असाल तर आधी प्रामाणिकपणे ठरवा की दिवस कुठं जाणार. बहुतेकांचा दिवस जंप आणि बॉक्सवर जातो, आणि मोठा पाइप फारच थोड्या ठिकाणी असतो. म्हणून मध्यम कडक, पायाखाली कँबर असलेली पार्क-स्की घ्यावी आणि कडा सुरुवातीला फक्त टोकांकडे, जिथं त्या बर्फाला पहिल्यांदा टेकतात तिथं, बोथट कराव्यात. पायाखालची धार राहू द्या. बोथट केलेली कड परत धारदार करायला बरंच लोखंड घासून काढावं लागतं, आणि ते मोजकंच असतं. रेलचं वेड लागलं तर कानस केव्हाही फिरवता येते.

रुंदी: पायाखाली ८५ ते ९५ मिलिमीटर. पाइपकडे कल असेल तर यातली अरुंद बाजू. शंभरच्या पुढच्या रुंद स्की ताज्या भुसभुशीत बर्फासाठी असतात. गुलमर्गचा गोंडोला (केबल कार) दुसऱ्या टप्प्यात अफरवट डोंगरावर जवळपास ४,००० मीटरपर्यंत नेतो आणि तिथलं नाव आहे ते याच खोल, न तुडवलेल्या बर्फासाठी. पार्कची स्की घेऊन तिथं उतरलात तर पुढची टोकं बर्फात बुडत राहतील. खालच्या सपाट केलेल्या उतारांवर ती छान चालेल.

लांबी: नवशिक्याला हनुवटी ते नाकाच्या उंचीची, जंप करू लागलेल्याला कपाळ ते डोक्याच्या उंचीची. दोन्ही टोकं वळलेली असल्यानं बर्फाला टेकणारी लांबी छापलेल्या आकड्यापेक्षा बरीच कमी असते, म्हणून फार आखूड घेऊ नये. १७० सेंटिमीटर उंची आणि ६५ किलो वजनाच्या, जंप करणाऱ्या माणसाला १६५ ते १७२ ठीक. वजन जास्त असेल तर वरच्या टोकाकडे झुका.

तळाच्या प्लास्टिकचे दोन प्रकार येतात. एक्स्ट्रुडेड स्वस्त, दुरुस्तीला सोपा, मेण कमी पितो, पण हळू. सिंटर्ड वेगवान, पण मेण लावत राहावं लागतं. रेलवर तळ खरवडला जाणारच, तिथं पहिला पुरे. पाइपमध्ये दुसरा. कडा जाड असल्या तर उत्तम. लोखंडावर आपटून पातळ कडा तडकतात.

बाइंडिंग कुठं आणि किती घट्ट

स्कीवर बाइंडिंग कुठं बसवायचं यासाठी रेघा छापलेल्या असतात. नेहमीच्या डोंगरी स्कीवर बूट मध्यापासून बराच मागे बसतो, आठ-दहा सेंटिमीटर. पार्कमध्ये तो पुढे आणतात. काही जण अगदी मध्यावर, बरेच जण मध्यापासून दोन-चार सेंटिमीटर मागे. मध्यावर बसवलं की गिरकी समतोल येते आणि उलट उतरणं सोपं जातं. पण पुढची लांबी कमी झाल्यानं वेगात किंवा ओबडधोबड बर्फावर टोक थरथरतं. पहिल्या जोडाला मध्यापासून तीन-चार सेंटिमीटर मागे हा मला सर्वांत शहाणा पर्याय वाटतो. भोकं एकदाच पाडायची हे धरून चाला. वारंवार छिद्रं पाडली की गाभ्याचं लाकूड कमकुवत होतं.

बाइंडिंग किती जोरावर बूट सोडेल त्याचा आकडा असतो. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांच्या तक्त्यावरून प्रशिक्षित माणूस ठरवतो. पार्कमध्ये ‘मध्येच निघू नये’ म्हणून स्क्रू पिळून घट्ट करायची खोड आहे. बूट सुटायला हवा तेव्हा सुटला नाही तर पिळ पायाच्या हाडावर आणि गुडघ्यावर जातो. घेताना एवढं पाहा की तुमचा आकडा बाइंडिंगच्या मापपट्टीच्या मधोमध येतोय, टोकाला नाही. ब्रेकची (बूट सुटल्यावर स्की अडवणाऱ्या दांड्यांची) रुंदी स्कीच्या कमरेइतकी, म्हणजे पायाखालच्या रुंदीइतकी, किंवा १०-१५ मिलिमीटर जास्त असावी. बुटाचा तळ कुठल्या प्रकारचा आहे, साधा अल्पाइन की चालायला सोपा ग्रिपवॉक, हे बाइंडिंगशी जुळलंच पाहिजे. जुळत नसेल तर बूट आत बसेलही, पण सुटण्याची खात्री नाही.

हेल्मेट स्कीचंच, युरोपीय ईएन १०७७ किंवा अमेरिकी एफ २०४० खूण असलेलं. दुचाकीचं नको. काठ्या नेहमीपेक्षा पाच-दहा सेंटिमीटर आखूड चालतात.

घरी आणल्यावर, आणि जुनं घेताना

नागपूरच्या पावसाळ्यात उघड्या लोखंडी कडा गंजतात. परत आल्यावर स्की पुसून, पूर्ण कोरडी करून तळावर आणि कडांवर मेणाचा जाड थर लावून ठेवा. तो लगेच खरवडायचा नाही, पुढच्या प्रवासाआधी खरवडायचा. गच्चीवरची टिनाची खोली टाळा. बुटांचे लाइनर काढून वाळवा, परत घाला आणि बकल हलकेच लावून ठेवा, म्हणजे कवच फाकत नाही.

चुलतभावानं पाठवलेले किंवा ओळखीतून मिळालेले जुने बूट हा इथं नेहमीचा मामला. पॉलियुरेथेन वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणात राहिलं की आतून कुजतं. वरून चकचकीत दिसणारा बूट बर्फात पहिल्याच दाबाला फुटू शकतो. वय दहाच्या पुढे गेलेले बूट फुकट मिळाले तरी घेऊ नका. डांबरावर चालून तळाची टोकं झिजली असतील तरी नकार द्या, कारण त्याच टोकांना धरून बाइंडिंग काम करतं.

जुनी स्की मात्र घेण्यासारखी असते. पायाखालच्या कडेवर केसासारखी एखादी भेग चालेल, कड बाहेर आलेली चालणार नाही. बाजूच्या भिंतीपाशी थर सुटलेत का ते नखानं तपासा. किती वेळा भोकं पाडली आहेत ते मोजा. आणि त्यावरचं बाइंडिंग कोणत्या वर्षाचं आहे ते विचारा. कंपन्या दरवर्षी कोणती जुनी मॉडेल्स अजून दुरुस्त करायची याची यादी काढतात. यादीतून बाहेर गेलेल्या बाइंडिंगचा स्क्रू परदेशातलं चांगलं दुकान पैसे देऊनही फिरवत नाही, त्यामुळे अशी स्की मिळाली तर नव्या बाइंडिंगचे पैसे त्याच सौद्यात धरूनच भाव करा.